कोरडे खिळे

नव्या डब्यातले खिळे खराब आहेत असं मौनीने ठरवून टाकलं होतं, आणि त्याने एकदा ठरवलं की ते उपटायला पक्कडच लागायची. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे खिळे जिभेला चिकटतात. शेजारच्या सुताराने डबा उलटसुलट करून पाहिला, एक खिळा नखाने खरवडला आणि सांगितलं की खिळे नेहमीचे आहेत, दुकान नेहमीचं आहे, तुझी जीभच बिघडली असेल. मौनीने डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि तो पुन्हा कामाला लागला.

तो खुर्च्या आणि सोफे मढवायचा. जुनं कापड फाडायचं, बसलेल्या स्प्रिंगा बांधायच्या, वर काथ्या आणि फोम घालायचा, मग नवं कापड ताणून खिळ्यांनी ठोकायचं. या कामाला दोन हात पुरत नाहीत. एक हात कापड ताणून धरतो, दुसऱ्यात हातोडी असते, मग खिळा धरणार कोण? म्हणून जुने कारागीर बारीक खिळे मूठभर तोंडातच टाकतात. जीभ एकेक खिळा वळवून ओठांशी आणते, हातोडीचं लोहचुंबकाचं टोक तो उचलतं आणि त्याच झटक्यात कापडावर बसवतं. आता सगळे पिना मारायची बंदूक वापरतात. मौनीला ती पटत नसे. बंदूक जुन्या लाकडाचा भुगा करते, असं तो म्हणायचा. म्हणजे संध्याकाळी म्हणायचा, खिळे तोंडातून काढल्यावर. दिवसभर त्याच्याकडून हुं आणि अंहं यापलीकडे काही मिळत नसे, म्हणून सुताराने त्याला मौनी हे नाव पाडलं होतं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

खिळे तोंडात असले की पाणी पिता येत नाही. ही अडचण त्याच्या बायकोने लग्नानंतर लगेच हेरली आणि आपल्या पद्धतीने सोडवली. घर कारखान्याच्या मागेच होतं. ती एका हातात ग्लास घेऊन यायची, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या हनुवटीखाली धरायची आणि म्हणायची, "सोडा." तो खिळे तळव्यावर सोडायचा, ग्लास रिकामा करायचा आणि खिळे परत तोंडात टाकायचा. ती तळवा कपड्याला पुसायची आणि दर वेळी नाक मुरडायची, जणू हे आजच पहिल्यांदा घडतंय. दिवसातून किती वेळा यायची, कुणी मोजलं नाही. तो स्वतः उठून पाणी प्यायल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. तहान कशी लागते हे त्याला माहीतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. ती लागायच्या आधी ग्लास यायचा.

थंडीत ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी सगळं संपलं. थंडीत ग्लास आला नाही म्हणून फारसं काही अडलं नाही. सकाळचा चहा आणि रात्री जेवताना थोडं पाणी, एवढ्यावर त्याचं भागलं. पण आता उन्हाळा लागला होता. कारखान्यावर पत्रा होता आणि दुपारी त्या पत्र्याखाली डिंक आपोआप पातळ व्हायचा.

मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काम करायची. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता: कारखाना बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. जावयाने खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. मौनीने तिला एकदाच उत्तर दिलं होतं, तेही खिळे काढून. "माझा हात चुकला की मी आपणहून येईन. तुला बोलवावं लागणार नाही. तोवर विषय काढू नकोस." ती कबूल झाली. तिला वाटलं होतं फार दिवस लागणार नाहीत. त्याला वाटलं होतं तो दिवस येणारच नाही.

हे बोलताना त्याच्या मनात थोरला भाऊ होता. भाऊ आयुष्यभर बस चालवत होता, घरी बसल्यावर त्याचं डोकं गेलं. सुरुवात अशी झाली की त्याने एक दिवस बूट फ्रिजमध्ये ठेवले. घरातले खूप हसले. पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. शेवटी तो मौनीला ओळखेनासा झाला. असं काही व्हायचं असेल तर ते आपल्यालाच आधी कळावं आणि आपण गुपचूप उठून जावं, एवढीच मौनीची इच्छा होती.

त्या आठवड्यात पोट बिघडलं. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. सारखं उठावं लागायचं आणि संडास गल्लीच्या टोकाला होता. मौनीने त्यावर आपला उपाय काढला: खायचं नाही आणि प्यायचं तर मुळीच नाही. नळ बंद केला की गळती थांबते, इतका सरळ हिशोब. सकाळचा चहाही त्याने सोडला. आणि खरंच तिसऱ्या दिवशी उठावं लागलं नाही, लघवीलासुद्धा नाही. उपाय लागू पडला म्हणून तो खूश झाला. डोकं दुखत होतं, त्याचा दोष त्याने पत्र्याला दिला. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तो दोष उपाशी पोटाला. पोटरीत गोळे येत होते, तो वयाला. आणि खिळे जिभेला चिकटत होते, तो दोष तर खिळ्यांचाच होता. सगळ्याची सोय लागली होती.

हातात काम होतं ते एका वकिलाच्या जेवणाच्या खुर्च्यांचं. हिरवी मखमल. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती मऊ बसते, उलट फिरवला तर उभी राहते आणि कापड गडद दिसतं. त्यामुळे सगळ्या बैठकांची लव एकाच दिशेला, मागून पुढे, ठेवावी लागते. हा इतका पहिला धडा आहे की शिकवावाही लागत नाही. शेवटची खुर्ची ठोकून मौनीने ती बाकीच्यांच्या रांगेत ठेवली आणि मागे सरून पाहिलं. ती वेगळ्याच रंगाची होती.

त्याला आधी वाटलं उजेड तिरका पडतोय. त्याने खुर्ची हलवली. मग बैठकीवरून मागून पुढे तळवा फिरवला आणि लव हाताखाली उभी राहिली. कापड उलटं कापलं होतं. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद, त्यामुळे नुसतं फिरवून लावायची सोय नव्हती. तेवढ्यात सुतार कशाला तरी आला, रांगेकडे बघून म्हणाला की एक खुर्ची परक्या घरातली आलेली दिसते. मौनी म्हणाला, उजेडाचा फरक आहे. सुताराने खुर्चीकडे पाहिलं, मौनीकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टोमणा मारायचा राहू दिला. मौनीला ते जास्त लागलं.

सुतार गेल्यावर तो स्टुलावर बसून राहिला. कापड कधी कापलं ते त्याला आठवेना. कात्री हातात घेतल्याचं आठवत होतं, पुढचं नाही. त्याला बूट आठवले. फ्रिज उघडला तेव्हा ते किती नीट, जोडीने, दुधाच्या भांड्याशेजारी ठेवले होते ते आठवलं. मग त्याने फोन घेतला आणि मुलीचा नंबर लावला. पहिल्यांदा चुकीचा लागला.

"चूक झाली," तो म्हणाला. "गाडी घेऊन ये."

मुलीने काय झालं, पडलात का, कुठे लागलं, असं बरंच विचारलं. त्याने फोन ठेवून दिला. मग त्याला वाटलं की जायचं तर काम अर्धवट टाकून जाऊ नये, उलटी बैठक उलटीच राहिली तरी तिची खालची पट्टी तरी पुरी करावी. त्याने मूठभर खिळे तोंडात टाकले आणि खुर्ची पालथी केली.

मुलगी आली तेव्हा सुतार दारातच उभा होता. त्याने तिला हळूच सांगितलं की आज याचं काही खरं दिसत नाही, मघाशी माझ्याशी बोलताना मला त्याच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. तिला येताना वाटेत जे वाटलं होतं ते तिचं तिलाच आता आवडलं नाही. बाबा येणार म्हणून आधी तिला बरं वाटलं होतं.

तिला बघून मौनी उठला आणि उठताच एका बाजूला झुकला. सुताराने धावत जाऊन खांदा धरला.

"आधी खिळे काढ तोंडातले," सुतार म्हणाला. "गिळशील आणि मरशील, आणि लोक म्हणतील सुताराने मारला."

मौनीने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. तोंड उघडलं नाही. मुलगी पुढे झाली. तिने विचार केला नव्हता. हात आपोआपच त्याच्या हनुवटीखाली गेला.

"सोडा," ती म्हणाली.

त्याने लगेच सोडले. तळव्यावर खिळे खळखळत पडले, डब्यातून ओतावेत तसे. दोन आलेच नाहीत. ते जिभेला चिकटले होते. तिला बोटांनी सोडवावे लागले. ती तळव्याकडे बघत राहिली. लहानपणी सुट्टीत कधी कधी आई तिला ग्लास घेऊन पाठवायची आणि तिला ते काम नको असायचं, कारण खिळे लाळेने माखलेले, गरम असायचे. किळस येऊन ती हात नळाखाली धरायची. आज हात धुवायची गरज नव्हती. तळवा कोरडा ठणठणीत होता.

मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं तिचं काम, आणि बाबांचे डोळे खोल गेलेत हे दारातून दिसलं नव्हतं. ओठ फुटले होते. इतक्या उकाड्यात कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"सुतारकाका, यांना विचारा, लघवीला कधी गेले होते."

सुतार मौनीकडे वळला. "मुलगी विचारतेय, लघवीला कधी गेला होतास."

"ऐकू आलं मला," मौनी म्हणाला. शब्द जाड येत होते. "काल." त्याने कपाळ चोळलं. "की परवा."

"रंग कसा होता विचारा."

"रंग कसा—"

"चहासारखा. बिनदुधाचा. आता हिला चवही सांगू का?"

सुतार हसला, मुलगी हसली नाही. तिने पाणी आणलं तर मौनीने ग्लास बाजूला सारला आणि तिला समजावून सांगितलं की पोट बिघडलंय, पाणी प्यायलं की परत सुरू होईल, आता कुठे बंद झालंय. किती दिवस काही प्यायला नाहीत, असं तिने विचारलं. त्याने दिवस मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. तिने सुताराला दुसरीकडून धरायला सांगितलं आणि दोघांनी त्याला गाडीत घातलं.

जवळच्या छोट्या रुग्णालयात एक डॉक्टरबाई होत्या, मुलीच्याच वयाच्या. त्यांनी आधी जीभ बघितली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, पण लगेच म्हणाल्या की या वयात हाताची कातडी सैलच असते, तिच्यावर भरवसा नको. मग छातीवरची धरली. ती चिमटीतून सुटली तरी उभीच राहिली, सावकाश बसली. नख दाबून सोडलं, त्याचा गुलाबी रंग परत यायला वेळ लागला. नाडी भरभर चालली होती आणि बारीक. रक्तदाब झोपवून मोजला, बसवून मोजला. बसवल्यावर तो इतका उतरला की उभं करून मोजायचा विचार त्यांनी सोडून दिला. आज वार कोणता, असं विचारलं. मौनी म्हणाला मंगळवार. शुक्रवार होता.

"डोकं गेलं का माझं?" त्याने विचारलं. दुसरं काही विचारायचं नव्हतंच त्याला.

डॉक्टरबाईंनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. "आत्ता सांगता येणार नाही. तुमच्या अंगातलं पाणी पार आटलंय, आणि पाणी आटलं की कुणाचंही डोकं चालत नाही. आधी पाणी भरू. मग विचारा मला."

हाताला सलाइन लावलं, रक्त तपासायला घेतलं. मुलीने विचारलं की सुईची काय गरज, मी पाजते ना तोंडाने. डॉक्टरबाई म्हणाल्या की माणूस नीट शुद्धीवर असता तर तेच केलं असतं. भ्रमात असलेल्याला पाजलं तर ठसका लागून पाणी भलतीकडे जातं, आणि याला आता घोटाघोटाने भरण्याइतका वेळही नाही. दोन दिवस आधी कळलं असतं तर घरी भागलं असतं. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्हीला चहाचाच चमचा. किंवा औषधाच्या दुकानातली पुडी, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. थोडं थोडं, सारखं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त पडलं तर जिवावर बेततं.

"मीठ जास्त झालं हे ओळखायचं कसं?" मुलीने विचारलं.

"चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये."

मौनी डोळे मिटून पडला होता, पण हे त्याने ऐकलं. ती चव त्याला ठाऊक होती.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला पुढे बरेच दिवस पुरली. जुलाब लागले की माणसं पाणी बंद करतात, आणि नेमकं तेव्हाच ते जास्त हवं असतं. गळती पाणी थांबवून बंद होत नाही, माणूस कोरडा होतो. आणि म्हातारपणी तहान उशिरा लागते, कधी लागतच नाही. तहान नाही म्हणजे पाणी नको, असा अर्थ घ्यायचा नाही. मुलगी म्हणाली, यांना तर तरुणपणीही कधी लागली नाही. आणि मग तिने का नाही लागली ते सांगितलं, तळव्याचं सगळं. सांगता सांगता तिला थांबावं लागलं. डॉक्टरबाई सलाइनची गती बघत उभ्या राहिल्या, तिचं पुरतं बोलून होईपर्यंत.

रात्रभर त्याला ठेवून घेतलं. पहाटे त्याने डोळे उघडले आणि भांडं मागितलं. नर्सने ते उजेडात धरून बघितलं, मापलं आणि चांगलं म्हणाली. आपल्या लघवीचं कौतुक झालेलं मौनीने आयुष्यात प्रथमच ऐकलं. त्यानंतर मुलीने मीठसाखरेचं पाणी चमच्याने पाजायला घेतलं. तो ग्लास ओढून एकदम प्यायला बघायचा, ती हात मागे घ्यायची.

सकाळी डॉक्टरबाई आल्या आणि वार विचारला. शनिवार, तो म्हणाला. कुठे आहात? त्याने सांगितलं. शंभरातून सात वजा करत खाली या म्हटल्यावर तो जरा चिडला, पण आला, एकदाच अडखळत. मग त्याने तपासायच्या पलंगाकडे बोट दाखवलं.

"त्याचं रेक्झिन ज्याने चढवलंय त्याने कोपरे कापून टाकलेत. घडी घालायची असते. पावसाळ्यात फाटेल ते."

डॉक्टरबाईंनी जाऊन कोपरा बघितला. तो आत्ताच उसवायला लागला होता. "डोकं जागेवर दिसतंय," त्या म्हणाल्या. रक्ताचे आकडेही सुधारलेत. महिन्याने एकदा परत दाखवून जा, तेव्हा मी पुन्हा हेच प्रश्न विचारीन आणि तुम्ही पुन्हा चिडा.

दुपारी मुलगी त्याला गाडीत घेऊन निघाली. मौनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मी शब्द दिला होता."

तिने गिअर बदलला. शब्द तिला हवा होता. खोली तयार होती, जावयाने पडदेसुद्धा लावले होते. बाबा रोज डोळ्यांसमोर असते तर ती रात्री नीट झोपली असती. आणि तो नाही म्हणणार नव्हता, हे तिला त्याच्या मांडीवर ठेवलेल्या हातांवरून कळत होतं. त्या हातांना हातोडी असल्याशिवाय काय करायचं ते समजत नसे. ते नुसते एकमेकांवर पडून होते. चौक आला. उजवीकडे तिचं घर होतं, सरळ गेलं की कारखाना. दिवा हिरवा झाला तरी ती थांबून राहिली, मागच्याने हॉर्न वाजवला.

"हात चुकला तर, असा शब्द होता," ती म्हणाली आणि उजवीकडे वळली. "हात चुकला नाही. आठवडाभर माझ्याकडे राहा, नीट बरे व्हा. मग मीच तुम्हाला कारखान्यात सोडीन. पण पाण्याचं काहीतरी ठरवल्याशिवाय नाही."

मौनीने मान हलवली. या वेळी ती हो होती.

काय ठरवायचं यावर आठवडाभर वाद झाला. तिने फोनमध्ये गजर लावून दिला, त्याला तो बंद करता येईना आणि जावयाची झोप मोडली. तिने खिळे ठेवायला बशी आणली. त्याने ती बघितली आणि चहा प्यायला घेतली. शेवटी सुतार एकदा भेटायला आला आणि वैतागून म्हणाला की एवढं कशाला, मी आहे ना शेजारी, हात तर धरायचाय.

आता वकिलाच्या खुर्च्या गेल्या आहेत. शेवटच्या बैठकीसाठी मौनीने त्याच मखमलीचा नवा तुकडा आणला आणि लव दोनदा बघून कापला. उलटा तुकडा फेकणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो त्याने दाराशी असलेल्या स्टुलावर ठोकला. सुतार त्यावर बसतो आणि म्हणतो की सारखा पुढे घसरतोय.

दुपारी पत्रा तापला की सुतार करवत ठेवतो, ग्लास भरतो आणि मौनीसमोर येऊन उभा राहतो. त्याचा तळवा रुंद आणि खरबरीत आहे, भुशाने भरलेला.

"सोड," तो म्हणतो.

पहिल्या दिवशी मौनी थांबला. हनुवटीखालच्या हाताकडे त्याने बराच वेळ बघितलं. सुताराने हात काढला नाही आणि तो दुसरं काही बोललाही नाही, आणि त्याच्यासाठी हे फार होतं. मग मौनीने खिळे सोडले. सुताराने तळवा वर करून बघितला, तोंड वाकडं केलं आणि हात पँटला पुसला. मौनी पाणी प्यायला, सगळं.

थोड्या वेळाने फोन वाजतो. मुलगी दुकानातून करते, आणि आता ती बाबांना मागत नाही.

"काय, काका?"

"ओले," सुतार सांगतो आणि फोन ठेवतो.